चालकार

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या झरी या गावात, किंबहुना भजनी मंडळ असलेल्या मराठवाड्यातील कोणत्याही गावात, 'चालकार' नावाचा मनुष्यप्रकार हमखास आढळतो. तो पेटीवर, म्हणजे हाताने भाता हलवून वाजवायच्या हार्मोनियमवर, अभंगांना स्वतःच्या नव्या चाली लावतो. पेटी ही पियानोची दूरची, गरीब आणि मांडी घालून बसणारी नातेवाईक. तिच्या ठरलेल्या पट्ट्यांतून मींड, अर्थात एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे, निघत नाही, अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले होते. चालकार स्वतःची उपेक्षाही याच थोर परंपरेत बसवतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण त्याने मनावर घेतलेली असते. जर्मनीने बीथोव्हेन दिला, तेव्हा आता पाळी कोणाची, हे तो केवळ विनयापोटी बोलत नाही.

नवी चाल मंडळापुढे येते ती हरिपाठ आटोपल्यावर, 'सहज सुचलं' या प्रस्तावनेसह. वास्तविक ती एकच ओळ ऐकत शेजारणीने आठवडाभर ज्वारी पाखडलेली असते. अभिप्राय मात्र सरळ मिळत नाही. पखवाजी 'सम कुठं धरायची?' एवढेच विचारतो (सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) आणि त्या प्रश्नातच सगळी टीका येऊन जाते. विणेकरी डोळे मिटतो, ते तल्लीनतेने की झोपेने याविषयी मंडळात दुमत आहे. ज्येष्ठ बुवा 'गोड हाये, पण कुठंतरी ऐकल्यावानी वाटतंय' असे म्हणून सुपारी कातरू लागतात, आणि हा घाव सर्वांत खोल जातो. खरा निकाल झील धरणाऱ्या, म्हणजे गायकाची ओळ मागून उचलणाऱ्या, टाळकऱ्यांच्या हाती असतो: दुसऱ्या खेपेस त्यांनी न सांगता ओळ उचलली तर चाल पास, नाहीतर टाळ वाढवत नेऊन ती सभ्यपणे बुजवली जाते.

पास होण्यातच चालकाराचा घात आहे, कारण चाल दहा तोंडांत बसली की ती कोणाची हे विचारण्याचे कारण उरत नाही. दोन-तीन वर्षांत ती शेजारच्या गावच्या सप्त्यात, म्हणजे सात दिवसांच्या अखंड हरिनाम सोहळ्यात, गायली जाते. साथीला चालकारच असतो, आणि तिथला तरुण गायक त्याच्या कानाशी वाकून म्हणतो, "मास्तर, लई जुनी चाल हाये, जरा सांभाळून वाजवा." मास्तर सांभाळून वाजवतात.