जुना मित्र आणि किंग मोमो

गोव्याचा कार्निव्हल शनिवारी सुरू होऊन मंगळवारी संपतो. जुन्या मित्राबरोबरची त्याची सहल मात्र डिसेंबरातच सुरू होते आणि हिशेब मिटेपर्यंत चालते. हिशेब बहुधा मिटत नाही.

जुना मित्र म्हणजे ज्याला माणसाचे शाळेतले टोपणनाव ठाऊक असते आणि जो ते चारचौघांत, शक्यतो सुनेसमोर, वापरतो. अशा दोघांनी साठीच्या आसपास कार्निव्हलला जायचे ठरवले की पहिला वाद तारखेवरून होतो. कार्निव्हलला स्वतःची अशी तारीख नाही. ती ईस्टरवरून मागे मोजावी लागते आणि ईस्टर स्वतः चंद्रावर अवलंबून. घरच्या दिनदर्शिकेत गुड फ्रायडे शोधावा आणि 45 दिवस मागे यावे. जो मंगळवार लागेल तो कार्निव्हलचा शेवटचा दिवस. 2026 साली गुड फ्रायडे 3 एप्रिलला, म्हणून कार्निव्हल 14 ते 17 फेब्रुवारी. हे गणित दोघेही स्वतंत्रपणे करतात आणि उत्तरे जुळत नाहीत, कारण एकाने सुरुवातीचा दिवस धरलेला असतो. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. वाद 58 दिवस उरेपर्यंत चालतो आणि मग कोकणकन्येच्या प्रतीक्षायादीत दोघे गुण्यागोविंदाने एकत्र येतात.

दुसरा टप्पा घरच्या परवानगीचा. या वयात परवानगी मागत नाहीत, सहज कानावर घालतात. ‘कार्निव्हल’ हा शब्द कानावर घालण्याजोगा नाही हे दोघांनाही न बोलता कळते. इथे मराठी माणसाच्या मदतीला कुलदैवत येते. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेशी ही सगळी दैवते फोंड्याच्या परिसरात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुळे तिथे पोचतात. ज्यांची पोचत नाहीत त्यांच्या मित्रांची पोचतात. ‘त्याला एकट्याला कसं पाठवायचं?’ हे वाक्य त्या दिवशी दोन घरांत एकाच वेळी उच्चारले जाते.

निमित्त म्हणून काढलेला देव पुढे खराच आडवा येतो. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या पौर्णिमेआधी साधारण दीड चांद्रमास, म्हणजे नेहमी अमावास्येच्या आसपास पडतो. आपली महाशिवरात्र माघी अमावास्येच्या उंबरठ्यावर. दोन्ही पंचांगे एकाच चंद्राकडे बघत असल्यामुळे कित्येक वर्षी दोन्ही सण एकमेकांच्या अंगावर येतात. 2023 साली महाशिवरात्र कार्निव्हलच्या पहिल्या दिवशीच होती. 2026 साली ती दुसऱ्या दिवशी, रविवारी. शनिवारी राजा फर्मान काढतो, ‘खा, प्या, मजा करा’ आणि रविवारी मित्र साबुदाण्याची चौकशी करतो.

हा राजा म्हणजे किंग मोमो. थट्टामस्करीच्या मोमस नावाच्या ग्रीक देवतेवरून त्याचे नाव आले. दर वर्षी कोणातरी गोमंतकीयाची या पदावर निवड होते. तो मुकुट घालून पणजीच्या मिरवणुकीत अग्रभागी येतो आणि चार दिवसांची सत्ता हाती घेतो. मिरवणूक शनिवारी पणजीत, मग मडगाव, वास्को आणि म्हापसा अशी फिरते. चित्ररथ, ब्रास बँड, मुखवटे, पिसांचे मुकुट, मधूनच आरोग्याचा किंवा रस्ता सुरक्षेचा संदेश देणारा एखादा गंभीर रथ. हेल्मेट घालण्याचे आवाहन करणाऱ्या रथावर नाचणाऱ्या मुली पाहून नेमके काय करावे, हे प्रेक्षकांना उमगत नाही. मित्राला उमगते. तो टाळ्या वाजवतो आणि वर सांगतो, ‘संदेश महत्त्वाचा आहे रे.’

मिरवणूक पाहण्यातला मोठा भाग मिरवणुकीची वाट पाहण्याचा असतो, आणि जुन्या मित्राची खरी उपयुक्तता इथेच दिसते. नवा मित्र अर्ध्या तासात गप्पांचा साठा संपवून मोबाइल काढतो. जुन्याकडे 1970 च्या दशकातले एक भांडण शिल्लक असते. गणिताच्या पेपरात कोणी कोणाचे पाहून लिहिले, हा प्रश्न मांडवीच्या काठच्या फुटपाथवर, उन्हात, एका वर्तमानपत्राच्या दोन पानांवर बसून पुन्हा चर्चेला येतो. तो रंगात आला की नेमका रथ येतो, आणि दोघेही थोडे नाराज होतात.

आज दिसणारी ही भपकेबाज मिरवणूक गोवा मुक्तीनंतरची, म्हणजे 1961 नंतर उभी राहिलेली आणि पुढे पर्यटन खात्याने वाढवलेली. तिच्या मागचा जुना सण म्हणजे इंत्रूज. पोर्तुगीज अमदानीत आलेला हा सण पीठ आणि रंगीत पाणी एकमेकांवर उडवण्याचा होता. कारण सरळ आहे: राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, मांस-मद्य वर्ज्य करण्याची रीत असते, म्हणून त्याआधी सगळे उरकून घ्यायचे. मराठी वाचकाला गटारी अमावास्या माहीत असल्यावर याहून अधिक समजावण्याची गरज नाही. फरक एवढाच की आपण श्रावणापूर्वीच्या त्या उत्सवाला राजा नेमलेला नाही. अध्यक्ष असतो, पण तो दुसऱ्या दिवशी नाकारतो.

जुने इंत्रूज अजून गावांत सापडते आणि प्रामाणिक मत द्यायचे तर पणजीच्या मिरवणुकीपेक्षा तेच अधिक पाहण्यासारखे आहे. सासष्टीत कार्निव्हलच्या दिवसांत लोकनाट्याचे ‘खेळ’ दारोदार होत. पुढे त्यांतूनच रंगमंचावरचे खेळ-तियात्र घडले. चांदर हे कदंबांच्या जुन्या राजधानीचे गाव. तिथे याच दिवसांत ख्रिस्ती गावकरी मुसळे घेऊन मुसळखेळ नाचतात. दिवाडी बेटावर पोटेकार निघतात: भयंकर मुखवटे, चित्रविचित्र कपडे, कमरेला घंटा, आणि पोरांना घाबरवत गल्लीबोळांतून धावाधाव. पोरे किंचाळत पळतात आणि पुन्हा जवळ येतात. पाहुण्या मित्राला मात्र पळता येत नाही, कारण गुडघा. तो जागीच उभा राहून पोटेकाराला विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ घाबरवण्याचा धंदा इतक्या लवकर बसलेला पोटेकाराने क्वचितच पाहिला असेल. मुखवट्याआडून मग कोकणी-मराठीत पंधरा मिनिटे गप्पा होतात आणि गाडी मुंबईतल्या कुठल्यातरी समान ओळखीच्या माणसावर येऊन थांबते.

खाण्याचा विषय स्वतंत्र. सोरपोतेल, सान्नां, चोरीस-पाव, बेबिंक ही या दिवसांची श्रीमंती. रात्री रस्त्याकडेच्या गाड्यावरचे रोस-आमलेट हा गरिबांचा आणि पथ्यावरच्या माणसांचा आधार. पथ्य दोघांचेही असते, पण वेगवेगळे: एकाला साखर चालत नाही, दुसऱ्याला मीठ. म्हणून चोरीस पहिल्याने आणि बेबिंक दुसऱ्याने खावे, असा तह होतो. प्रत्यक्षात दोघेही दोन्ही खातात आणि गोळ्या वाटून घेतात. शिवरात्रीच्या रविवारी उपास करणारा मित्र दिवसभर मंगेशीत राहतो, आणि त्याच्याबरोबर देवळात यावे लागल्याने दुसऱ्याची मडगावची मिरवणूक हुकते. या उपकाराचा उल्लेख पुढे प्रत्येक भेटीत होतो. उपास सोमवारी सुटतो, म्हणजे खऱ्या अर्थाने सुटतो.

मंगळवारी रात्री पणजीत क्लब नॅसिओनालचे लाल-काळे नृत्य असते. लाल आणि काळे कपडे घालून यायचे हा नियम. काळी पँट प्रत्येकाकडे निघते. लाल सदरा मात्र बाजारातून आणावा लागतो आणि साठीच्या मापात तो लाल म्हणून मिळतो तो बहुधा मरून असतो. दोघे कडेला उभे राहतात, ताल धरतात, एखाद्या गाण्याला चार पावले टाकतात. त्यांचा फोटो कोणी काढला आणि तो घरच्या व्हॉट्सॲप गटावर मंगेशीच्या फोटोंच्या मधोमध कसा गेला, याचा शोध लागत नाही.

बुधवारी सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेणाऱ्यांच्या रांगा लागतात. राजा मोमो आपल्या नोकरीवर परततो आणि परतीच्या गाडीत वही निघते. हिशेबात दिवाडीच्या फेरीबोटीचे पैसेही मांडले जातात. वास्तविक पायी माणसाला ती फुकट असते. ‘मग मी कोणाला दिले?’ या प्रश्नावर रत्नागिरी येते. चिपळूणच्या आसपास पुढच्या वर्षाचा विषय निघतो. 2027 साली कार्निव्हल 6 ते 9 फेब्रुवारी, आणि अधिक मासाच्या कृपेने महाशिवरात्र थेट 6 मार्चला. म्हणजे उपासाची अडचण नाही. घरी सांगायला निमित्त तेवढे नवे शोधावे लागेल, आणि ते यंदा तुझ्या घराण्यातून काढायचे, असे दोघेही एकमेकांना बजावतात.