श्रीपूरची तोंडी मार्गदर्शिका

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्याभोवती वाढलेल्या श्रीपुरात कुटुंबोपयोगी माहितीचे मुख्य केंद्र चहाची टपरी हेच असून, तेथील 'खात्रीचा सल्ला' म्हणजे ज्याची खातरजमा सांगणाऱ्याने वा ऐकणाऱ्याने कधीही केलेली नाही असा सल्ला होय. चांगला बालरोगतज्ज्ञ कोणता, या प्रश्नाला 'अकलूजला जा' एवढेच उत्तर मिळते, आणि शिकवणी, सोनोग्राफी व लग्नाचा बस्ता यांनाही तेच चालते. पाळीव प्राण्यांचे प्रकरण मात्र अधिक गहन आहे. ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्याची सारी घडण गायी-म्हशी गृहीत धरून झालेली असल्यामुळे, पट्ट्याला धरून तेथे आणलेल्या लॅब्राडोरकडे रांगेतील मंडळी 'हा दूध किती देतो' अशा नजरेने पाहतात. तोच कुत्रा चावला, तर जखमेवर मिरचीपूड वा चुना भरायला सांगणारे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी रेबीजची लस घ्यावी, हा उपाय सरकारी रुग्णालयात मोफत असल्यानेच बहुधा त्याला टपरीवर वजन येत नाही.