चोर, पोलीस आणि नो सूनर

महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक माणसाची एका चोराशी जुनी ओळख असते. हा चोर काय चोरतो, कुणाच्या घरात शिरतो, हे कुठल्याच गाइडात दिलेलं नाही. तो पोलिसाला पाहतो आणि पळतो, बस्स. पण त्याला सुखानं पळूही देत नाहीत. आधी तो 'अ‍ॅज सून अ‍ॅज' लावून पळतो, मग त्यालाच 'नो सूनर... दॅन' लावून पुन्हा पळवायचं. नीट पळाला की एक मार्क.

सध्या हा चोर आमच्या घरी मुक्कामाला आहे, कारण भाचा बारावीला आहे.

"मामा, चोर पळत असताना पोलीस काय करतोय?"

"पोलीस कर्म आहे रे. कर्मानं काही करायचं नसतं."

'नो सूनर'चा थाट मोठा. तो वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसला की मागोमाग 'डिड' येतो, आणि 'डिड' आला की इतका वेळ ऐटीत बसलेल्या 'सॉ'चा मुकाट्यानं 'सी' होतो. सासरे आले की जावयाचे सोफ्यावरचे पाय खाली येतात तसं. पुढे 'दॅन'च हवा, कारण 'सूनर' ही तुलना आहे. 'हार्डली'त तुलना नाही, म्हणून तिथे 'व्हेन'. हे कारण आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. 'जोड्या पाठ करा' एवढंच सांगितलं. आम्ही केल्या, आणि त्यानंतरच्या आयुष्यात बँकेत, विमानतळावर किंवा साहेबासमोर 'नो सूनर' म्हणणारा एकही माणूस भेटला नाही.

चोराचा शेजारी म्हणजे तो गरीब माणूस. 'दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.' गरीब आहे, तरी प्रामाणिक! पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हे वाक्य 'बट' घालून, 'इन स्पाइट ऑफ' घालून, उलटंसुलटं करून लिहिलं. मधल्या त्या 'तरी'बद्दल गरिबाला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. श्रीमंत असूनही प्रामाणिक असलेला माणूस मला अजून एकाही व्याकरणात सापडलेला नाही. लेखकांना उदाहरण मिळालं नसावं.

व्याकरण म्हटलं की आपल्याकडे रेन अँड मार्टिन. यातले रेनसाहेब हिंदुस्थानात शिक्षणखात्यात होते. पुढे 1924 साली त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी आली आणि गाजली. तिच्यात एक मौल्यवान नीलमणी चोरीला जातो आणि तीन भाऊ एकामागोमाग घरातून पळून फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये भरती होतात. म्हणजे चोरी आणि पळापळ त्यांच्याही डोक्यात होतीच. फक्त कादंबरीत ती कुणाला 'हार्डली... व्हेन' लावून पुन्हा लिहावी लागली नाही.

"पण याचा उपयोग काय?" भाचा म्हणाला. प्रश्न रास्त होता. त्याच्या मोबाइलवरच्या इंग्रजीत वाक्यंच नसतात, मग जोडणार काय?

मी त्याला अमेरिकेतला खटला सांगितला. तिथल्या कायद्यात सक्तीच्या किमान शिक्षेतून सूट मिळण्याची एक अट अशी, की आरोपीच्या मागच्या गुन्ह्यांच्या नोंदीत अ, ब 'अँड' क या गोष्टी नसाव्यात. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी म्हणाला, "माझ्याकडे अ आहे, ब आहे, पण क नाही. तिन्ही मिळून नाहीत, तेव्हा सूट द्या." सरकार म्हणालं, "तिन्हींपैकी एकही असता कामा नये." एवढ्याशा 'अँड'वरून देशभरच्या न्यायालयांत दोन तट पडले आणि शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2024 मध्ये निकाल लागला. सहा न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं, तीन विरुद्ध.

"म्हणजे तिघांचा मार्क गेला," भाचा म्हणाला. "प्रश्न कितीचा होता?"

"किमान शिक्षा 15 वर्षांची होती."

"बाप रे! मी ऑप्शनला टाकला असता."