काडेचिराईताचा मोठा ग्लास

माझा मेव्हणा बंगळूरला असतो. वर्षातून दोनदा तो पुण्याला येतो आणि दोन्ही वेळा मला बिअर शिकवतो. पंचवीस-तीस वर्षं परमिट रूममध्ये इमानेइतबारे बिअर पीत आलेल्या माणसाला आता ती शिकवायची काय, असं मला वाटायचं. पण त्याच्या मते मी आजवर जे प्यायलो ती बिअर नव्हतीच. ‘दाजी, ते इंडस्ट्रियल लागर आहे,’ असं तो म्हणतो. आमच्या आळीत ‘त्यांचा धाकटा अजून काही करत नाही म्हणे’ हे वाक्य ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात.

यंदा त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता, म्हणून तो आम्हा सगळ्यांना जेवायला घेऊन गेला. ती जागा पूर्वी बहुधा गोदाम असावी, आणि आताही ती गोदामच वाटावी म्हणून तिच्यावर बराच पैसा खर्च झालेला होता. विटांना गिलावा नव्हता. छताखालून उघडे पाइप गेलेले. काचेपलीकडे स्टीलच्या उंचच उंच टाक्या. आमचे सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी छताकडे एकवार बघितलं आणि विचारलं, ‘काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळाला का रे?’

नानांना तिथे न्यायचं की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला होता. चोवीस वर्षांत मी त्यांच्यासमोर बिअरचा ‘बि’सुद्धा उच्चारलेला नव्हता. कऱ्हाडच्या घरी गेलो की मेव्हणा आणि मी ‘जरा वारा खाऊन येतो’ असं सांगून गच्चीवर जायचो आणि वारा खाऊन झाला की बडीशेप चघळत खाली यायचो. सासूबाई एकदाच म्हणाल्या होत्या, ‘वाऱ्याबरोबर खारे दाणे लागतात वाटतं.’ या वेळी त्यांनी ‘मला नका नेऊ, मी घरी पिठलं टाकते’ म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी निकाल माझ्या बायकोनेच दिला. ‘नाना पिझ्झा खातील. तुम्ही काय प्यायचं ते प्या, पण लपवाछपवी आता बास. पन्नाशी उलटली तुमची.’

पुण्याला या नव्या बिअरचं कौतुक बऱ्याच गावांच्या आधीपासून आहे. डुलाली नावाची ब्रुअरी इथे २००९ साली सुरू झाली, तेव्हा देशात असला उद्योग करणारे जवळजवळ कुणी नव्हते. ते नाव आलं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे. काम नाही, परेड नाही, वर ऊन. त्यात डोकं फिरलं की ‘डुलाली टॅप’ झाला म्हणायचे. यातला टॅप म्हणजे आपला ताप. ही माहिती मी मेव्हण्याला मोठ्या ऐटीत सांगितली. तो म्हणाला, ‘दाजी, ते असू दे. टॅपवर काय काय आहे ते बघा.’

टॅपवर सहा प्रकार होते. प्रत्येकाखाली चार ओळींचं वर्णन. मी बँकेत नोकरी केलेली असल्यामुळे बारीक अक्षरातलं सगळं वाचायची मला खोड आहे. एका बिअरला चीड वृक्षाच्या राळेचा गंध होता, दुसरीला ग्रेपफ्रूटची साल, तिसरीला भाजलेल्या बिस्किटाची चव. ग्रेपफ्रूट मी जन्मात खाल्लेलं नाही. एखाद्या पेयाने मला न खाल्लेल्या फळाची आठवण करून द्यावी, ही अपेक्षा जरा जास्तच वाटते. बिस्किट मात्र मला ठाऊक आहे. ते आम्ही चहात बुडवतो.

मेव्हण्याने सगळ्यांचे टेस्टर मागवले. लाकडी पाटावर सहा इवलेसे ग्लास ओळीने आले, सामुदायिक मुंजीतल्या बटूंसारखे. ‘आधी नाक घाला,’ मेव्हणा म्हणाला. मी घातलं. ग्लास इवला आणि आमच्या घराण्याचं नाक नावाजलेलं, त्यामुळे पहिला घोट नाकानेच घेतला.

ती गव्हाची बिअर होती. ‘केळं लागतंय? मागून लवंग?’ लागत होतं, खोटं कशाला बोलू. पण शिकरणात लवंग पडली तर आमच्याकडे ती काढून टाकतात आणि कुणी टाकली याची चौकशी होते. इथे म्हणे ती मुद्दाम येऊ देतात. गंमत म्हणजे त्या बिअरमध्ये केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास तिच्यातलं यीस्ट तयार करतं. पिकल्या केळ्याला ज्या रसायनाचा वास येतो, त्या आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचाच हा वास. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघालं होतं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं त्यात नावच नाही, कारण हे सगळं काम मुळात कोण करतं याचा तेव्हा कुणाला पत्ताच नव्हता. बिचाऱ्या यीस्टने इतक्या शतकांच्या बिनपगारी नोकरीत एखादं केळं मागितलं, तर त्याला नाही तरी कसं म्हणायचं? पण म्हणून मी त्याचे पैसे का भरू, हा माझा प्रश्न होता.

दुसरा ग्लास आयपीए. म्हणजे इंडिया पेल एल. हिच्या नावात आपला देश आहे, एवढ्यावरच माझा ऊर भरून आला होता. तो ऊर एका घोटात रिकामा झाला. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता-मद्रासच्या साहेबलोकांसाठी ही बिअर लंडन आणि बर्टनहून बोटीने यायची. वाटेतले महिने आणि उष्ण समुद्र यांत ती आंबून जाऊ नये म्हणून तिच्यात हॉप्स सढळ हाताने घालत. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिची फुलं बिअर टिकवतात आणि कडूही करतात. लोणचं टिकावं म्हणून आपण मीठ जास्त घालतो, त्यातलाच प्रकार. पण आता टाक्या काचेपलीकडे आहेत. टाकीपासून टेबलापर्यंतचं अंतर मी नजरेने मोजलं, तर चाळीस फूट भरलं. चाळीस फुटांच्या प्रवासाला एवढे हॉप्स?

‘दाजी, फिनिश बघा फिनिश.’

‘फिनिश कशी करायची, तेच बघतोय.’

हा कडूपणा कारल्याचा नव्हता. कारल्याला आपण मीठ लावून पिळतो, वर गूळ-चिंच घालतो, म्हणजे त्याच्याशी काही वाटाघाटी तरी होतात. हा ऐकूनच घेत नव्हता. घशाच्या मागे जाऊन बसला तो बसलाच. मी पाणी प्यायलो, तर पाणीही कडू लागायला लागलं. मेव्हणा डोळे मिटून ‘राळ... राळ...’ म्हणत होता.

तिसऱ्या आणि चौथ्या ग्लासाबद्दल मला काही आठवत नाही. एक काळा होता आणि त्याला कॉफीचा वास होता. कॉफी प्यायची असेल तर मी कॉफी पितो.

पाचवा मात्र सांगण्यासारखा आहे. गोज म्हणून एक जर्मन प्रकार आहे, लाइपझिगकडचा. मेव्हण्याचा आवाज इथे खाली आला, गाभाऱ्यात गेल्यावर येतो तसा. ‘दाजी, ही आंबट असते. लॅक्टिक बॅक्टेरिया सोडतात. आणि मीठ घालतात. आणि धने.’ मी घोट घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास खाली ठेवून बायकोकडे पाहिलं. तिनेही एक घोट घेतला आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, ‘मठ्ठा!’

मठ्ठाच होता. आंबट, खारट, धन्याचा वास, वर जिभेला किंचित झिणझिणी. आमच्याकडे तो लग्नात जिलबीबरोबर पिंपातून वाढतात, नको म्हटलं तरी वाढतात, आणि शेवटच्या पंगतीला उरलेला घरी न्यायला लावतात. चारशे पंचाहत्तर रुपयांना ग्लासभर मठ्ठा घेतल्याचं आमच्या आजीला कळलं असतं, तर तिने मला पुन्हा पहिलीत घातलं असतं. शिवाय आल्याचा पत्ता नव्हता. मी मेव्हण्याला म्हटलं, ‘तुझ्या जर्मनांना सांग, थोडं आलं किसून घाला, वर कोथिंबीर.’ तो दुखावला. एका शनिवारी मी घरच्या ताकात सोडा घालून त्याला देणार आहे, एवढं ठरवूनच टाकलंय.

सहाव्या ग्लासात बेल्जियमच्या धर्तीवरची रानटी यीस्टची आंबट बिअर होती. तिच्या वर्णनात जाणकार एक शब्द वापरतात, तो मेव्हण्याने आदराने उच्चारला. हॉर्स ब्लँकेट. म्हणजे घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास. आणि ही तक्रार नाही, हा गौरव आहे. माझे आजोबा माणदेशातले. घोंगडी मी अंगावर घेतलेली आहे, पावसात भिजलेलीही घेतलेली आहे. ती प्यावी असं मला त्या वेळी कधी सुचलं नाही, एवढा एक दोष माझ्यात असेल.

‘तुमची टंग डेव्हलप व्हायला पाहिजे,’ मेव्हणा म्हणाला.

मला इथे राग आला. पहिली बिअर कुणालाच आवडत नाही, हे मला मान्य आहे. अकरावीत असताना आम्ही चौघांनी मिळून एक बाटली प्यायली होती, कोमट. चौघेही ‘मस्त’ म्हणालो आणि चौघेही खोटं बोललो. पुढे दहाएक वर्षांनी ते खोटं हळूहळू खरं झालं. म्हणजे कडू गोड मानायला माणूस शिकतो, हे खरं. पण किती शिकायचं, याला निवृत्तीचं वय असावं की नाही? आणि जीभ काही सगळ्यांना एकाच मापाची मिळत नाही. १९३१ च्या सुमाराला आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एका पावडरीची धूळ उडाली. शेजारचा सहकारी ‘कडू, कडू’ म्हणून ओरडायला लागला, आणि फॉक्सला काही म्हणता काही लागेना. त्यातून कळलं की ती पावडर काहींना जहर कडू लागते, काहींना भिंतीच्या चुन्यासारखी, आणि हे वळण रक्तातून येतं. हॉप्सचं कडू निराळं, जिभेवरचे त्याचे दरवाजे निराळे, हे कबूल. तरी त्या फॉक्सने सहकाऱ्याला ‘तुझी टंग डेव्हलप कर’ असं सांगितलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे सगळं मी बोललो, तर बायको म्हणाली, ‘मग आमटीत गूळ घातल्यावर मला काय होतं, ते आज कळलं का?’

आमच्या घरात हा तंटा चोवीस वर्षं चालू आहे. आम्ही आमटीत गूळ घालणारे. ती कऱ्हाडची. तिच्या माहेरी आमटी म्हणजे कांदा-खोबरं भाजून केलेलं लालभडक वाटण, वर तवंग. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडची आमटी जेवताना तिने माझ्या आईला ‘ही खीर कशाची?’ असं विचारलं होतं. तिला वाटतं तेव्हापासून ती सोसतेय. मला वाटतं मी सोसतोय. मधल्या वाटीत शेपू आहे, तो मला आवडतो आणि तो शिजत असताना ती गॅलरीत जाऊन उभी राहते. आणि आता ही बाई त्या केळ्या-लवंगेच्या बिअरचा माझा ग्लास संपवून ‘ही छान आहे की’ म्हणत होती. चोवीस वर्षं.

या गडबडीत नानांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी पिझ्झ्याच्या कडा काढून एका बाजूला रचल्या होत्या, बांधाच्या पिचिंगसारख्या, आणि मधला भाग खाल्ला होता. मग त्यांनी पाटावरचा एक ग्लास बोटाने पुढे ओढला. आयपीएचा. त्यात माझा उरलेला सगळाच होता.

‘हे कशाचं असतं?’

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, मी मेव्हण्याकडे. पंचेचाळीस वर्षांचा पोरगा वडिलांना म्हणाला, ‘जवाचं पाणी, नाना.’ तसं ते खोटं नव्हतंच.

‘बिअर म्हण की,’ नाना म्हणाले. ‘कोयनेला असताना मला मुतखडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, रोज एक बाटली घ्या. दोन महिने घेतली. सरकारी क्वार्टरमध्ये, पडदे लावून. तुझी आई वेळेवर ओतून द्यायची.’

मी मनातल्या मनात गच्चीवरच्या सगळ्या बडीशेपेचा हिशेब केला. किलोभर तरी झाली असेल.

‘मग खडा पडला?’ बायकोने विचारलं.

‘खडा पडला. बिअर काही विशेष नव्हती. गोडसर, पांचट.’ एवढं बोलून त्यांनी आयपीएचा ग्लास तोंडाला लावला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. त्यांच्या भुवया वर गेल्या, तिथेच थांबल्या, मग सावकाश खाली आल्या. अर्धा ग्लास गेला. उरलेला अर्धाही गेला. रिकाम्या ग्लासाचा त्यांनी वास घेतला, मेव्हण्याने मला शिकवला होता अगदी तसा.

‘काडेचिराईत,’ नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी नातू झाला तेव्हा पाहिला होता. ‘माझी आई दर चैत्रात रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी नाक दाबून पाजायची. ती गेल्यापासून असं कुणी करत नाही. किती वर्षांनी लागली ही चव!’

मेव्हणा गहिवरून म्हणाला, ‘नाना, याला पायनी फिनिश म्हणतात.’

‘म्हणू देत,’ नाना म्हणाले आणि वेटरला हात केला. वेटर तरुण होता, दंडावर गोंदलेला, कानात बाळी. नानांनी त्याला मोठा ग्लास आणायला सांगितला. तो आणल्यावर दोन घोट घेतले, मग त्याला पुन्हा जवळ बोलावून डॉक्टरला विचारावं तसं हळूच विचारलं,

‘हे सकाळी अनशापोटी घेतलं तर चालेल का?’

‘सर,’ तो अदबीने म्हणाला, ‘आम्ही बाराला उघडतो.’