पेटीला कुलूप कशाला?

शाळेत विज्ञानाची पेटी आली की आधी तिची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते. मग तिला कुलूप लागतं. भिंग फुटलं तर भरून कोण देणार? त्यामुळे भिंग शाबूत राहतं आणि मुंगीचे पाय न बघताच पोरगं पाचवीत जातं.

28 फेब्रुवारीला मात्र कुलूप निघतं. विज्ञान दिन! टेबलावर सोड्याचा ज्वालामुखी. पुठ्ठा बाबांनी कापला, रंग आईने दिला, माहिती मुलाने घोकली. त्याला विचारा, सोड्याऐवजी मीठ घातलं तर काय होईल? तो बाईंकडे बघतो.

ते लिहून दिलेलं नसतं.

प्रयोगशाळा नाही, निधी नाही, ही सबब आता पुरे. अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये टेल्कोच्या नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला शाळांतल्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काय वापरलं? काड्यापेटी आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब. काड्यांचं गुल खरवडायचं, ट्यूबचे छोटे तुकडे करायचे, त्यांत काड्यांची टोकं खुपसायची. चौकोन करा, बोटाने दाबा, कलंडतो. त्रिकोण करा, दाबा, ढिम्म हलत नाही. मग वर्गाच्या पत्र्याखालची कैची दाखवा. त्रिकोणच का, हे तिसरीतलं मूल आपणहून सांगेल.

खर्च किती? एका वडापावएवढा.

मग अडतं कुठे? गुरुजींना दोष देऊ नका. दोन शिक्षक, चार इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरायची आणि निवडणूक आली की तेही काम. त्यात प्रयोग म्हणजे वर्गात गोंगाट, सांडलवंड आणि ज्यांचं उत्तर पुस्तकात नाही असे प्रश्न. आणि तपासणीला आलेले साहेब काय बघतात? वह्या.

अडतं ते परीक्षेपाशी. फुलाचे भाग लिहून गुण मिळत असतील, तर जास्वंद कोण आणि का चिरेल? कुंपणाला लगडलेली असते, तरी चित्र फळ्यावरच!

होशंगाबादच्या त्या कार्यक्रमाच्या मंडळींनी नेमकं हेच आधीच ओळखलं होतं. 1972 मध्ये 16 शाळांत त्यांनी सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतलं, तेव्हा परीक्षाही बदलली. पुस्तक उघडून पेपर लिहायचा, शिवाय हाताने प्रयोग करून दाखवायचा. कार्यक्रम तीस वर्षं चालला. 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला.

तीस वर्षांचं काम, एका सरकारी निर्णयात संपलं. राग येत नाही?

सहावीच्या मुलांना जमलं ते चौथीला का जमू नये? या वयात तर सगळं हातात घेऊनच बघायचं असतं. एवढंच करा. चौथीच्या परीक्षेत वर्गात पाण्याची बादली ठेवा. एक सालीसकट संत्रं, एक सोललेलं. कोणतं बुडेल ते आधी लिहायचं, मग टाकून बघायचं. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत, का चुकला ते सांगितलं तर वाढवायचे.

उत्तरपत्रिका भिजतील. भिजू देत.