किंमत काय धरू, गुरुजी?

आमच्या शिनोलीत सायकलला कुलूप लावायची फारशी पद्धत नाही. घोडेगावला किंवा मंचरला जायचं असलं की माणूस रानातनं सायकल मारत रस्त्यापर्यंत येतो, ती कुणाच्या तरी भिंतीला टेकवतो आणि भीमाशंकरकडून येणारी एसटी पकडतो. संध्याकाळी उतरला की सायकल तिथंच. मधल्या वेळात फार तर तिच्यावरून कुणी दळण आणलेलं असतं आणि कॅरेजवर पीठ सांडलेलं दिसतं. याला गावात कुणी चोरी म्हणत नाही.

कायदा म्हणू शकतो. न विचारता, स्वतःच्या फायद्यासाठी, थोड्या वेळापुरती नेलेली वस्तूही चोरीत बसते, हे सुप्रीम कोर्टानं 1957 सालीच ठरवून टाकलंय, आणि तेसुद्धा चक्क विमानाच्या बाबतीत. जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या मेहरा नावाच्या प्रशिक्षणार्थीनं 1952 मध्ये परवानगी न घेता एक हार्वर्ड विमान उडवलं आणि थेट पाकिस्तानात उतरवलं. कायमचं न्यायचं नव्हतं म्हणून चोरी नव्हे, हे म्हणणं कोर्टाला पटलं नाही. विलायतेत मात्र चोरी ठरायला वस्तू कायमची बळकावण्याचा इरादा लागतो. सायकल नुसती फिरवून आणणाऱ्यासाठी त्यांनी 1968 च्या कायद्यात वेगळं पोटकलम ठेवलंय, तेही दंडापुरतं. आमच्या दळणवाल्यांनी खरं तर लंडनला जन्म घ्यायला हवा होता.

त्याहून गंमत म्हणजे आपली स्वतःची वस्तूही चोरता येते. चोरीच्या कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत त्यात दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचं एक आहे. मजुरी दिली नाही म्हणून कारागिरानं घड्याळ ठेवून घेतलं आणि मालकानं ते त्याचा हक्क बुडवायला उचलून आणलं, तर चोर मालक. घड्याळाच्या जागी सायकल ठेवा, कारागिराच्या जागी पंक्चरवाला. उधारीवर ट्यूब बदलणाऱ्या निम्म्या पंचक्रोशीनं हे उदाहरण एकदा मोठ्यानं वाचावं.

असो. माझी सायकल एका बाजाराच्या दिवशी गेली ती गेलीच. पीठ नाही, दळण नाही, सायकलच नाही. पेन्शनर माणूस म्हणून ठाण्यात खुर्ची मिळाली. हवालदारांनी पेन उघडलं आणि चोराबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "किंमत काय धरू, गुरुजी?"

मला वाटलं रकाना भरायचाय. पण सगळी मेख त्या रकान्यातच होती. 1 जुलै 2024 पासून जुनं 379 कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचं 303 आलं. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, हे आधीसारखंच. नवीन म्हणजे पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे पोलीस तक्रार लिहून घेतील, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकणार नाहीत. 30 जूनच्या रात्री गेलेल्या खटाऱ्यामागे सरकार धावू शकत होतं. पहाटे गेला असता तर आपण कोर्टात धावायचं.

मी घसा साफ करून म्हटलं, "सहा हजार धरा."

शेजारी आमची मंडळी बसली होती. "अहो, भंगारवाला दीडशे देत होता, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, जाऊ दे, दोनशे तरी येतील!"

हवालदार भले गृहस्थ. हसले नाहीत. आयुष्यभर ज्या सायकलला मी चारचौघांत 'आमचं डबडं' म्हणत आलो, तिची बाजू मी तिथं पोटतिडकीनं मांडली. मूळ फ्रेम, जुनं दणकट लोखंड, आताच्या सायकलींना असलं वजन कुठं असतं वगैरे. पण पावती? पावती नव्हती. आरटीओचा नंबर सायकलला असतच नाही. फ्रेमवर एक नंबर ठोकलेला असतो, तो मी कधी वाचला नव्हता. शेवटी एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र नोंद.

आता चोर सापडलाच, गुन्हा पहिलाच ठरला आणि त्यानं सायकल किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला शिक्षा समाजसेवेची. विनामोबदला, समाजाच्या उपयोगाचं काम. ही कल्पना मला मनापासून आवडली. गावात असलं काम पुष्कळ पडलंय आणि ते निवडून आलेल्यांकडून होईल अशी आशा आम्ही सोडून दिलीय.

परवा पारावर हे सगळं ऐकून एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, माझी शेळी बिबट्यानं नेली तर वनखात्याची माणसं येत्यात, पंचनामा करत्यात, भरपाई देत्यात. तुमची सायकल बिबट्यानंच न्यायला पायजे होती." आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यांच्या मुलखात यावर हसावं की मान डोलवावी, हे चटकन ठरवता येत नाही. मला त्यातला न्याय दिसतो. शेळी केवढीही असली तरी 'ही पाच हजारांच्या आतली' म्हणून खातं पाठ फिरवत नाही. ज्याची सायकल पंचवीस हजारांची, त्याचा तपास पोलीस आपणहून करणार. ज्याचं पोट जुन्या सायकलवर, त्यानं आधी कोर्टाची पायरी चढायची. कोर्टांवरचा भार कमी करायचा असेल, मान्य. पण तो नेमका हँडलला दुधाची किटली अडकवून जाणाऱ्याच्या डोक्यावर का?

एक पळवाट मात्र आहे, आणि ती आपल्या बाजूची. राहत्या घरातून चोरी झाली तर कलम 305 लागतं. तिथं सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि वस्तूची किंमत कितीही कमी असो, गुन्हा दखलपात्र. ओटा घरात मोडतो की बाहेर, यावर वकील दिवसभर भांडू शकतात, तेव्हा ओट्यावर विसंबू नका. सायकल उलटी करून पायडलजवळचा नंबर वहीत उतरवा, पावती रेशनकार्डाशेजारी ठेवा, आणि रात्री सायकल माजघरात घ्या. घरच्यांनी कुरकुर केली तर त्यांना कलम 305 वाचून दाखवा.