बकेट सीट आणि पट्टे: नवशिक्यांसाठी, चाळीसगाव आवृत्ती

सर्वप्रथम अभिनंदन. चाळीसगावात राहून ट्रॅक डेसाठी गाडी तयार करायची असं ज्याने ठरवलं, तो माणूस कष्टाला भिणारा नव्हे. तालुक्यात रेसट्रॅक नाही. जळगाव जिल्ह्यात नाही, शेजारच्या धुळ्यातही नाही. करी मोटर स्पीडवे आहे कोइमतूरला, 2003 पासून. दुसरा ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला. तिसरा, 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट, ग्रेटर नोएडाला. धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने वर गेलात तर पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक लागतो. 2021 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण ती कंपन्यांच्या गाड्यांची परीक्षा घेण्याची जागा आहे, "आम्ही चाळीसगावहून आलो" एवढ्यावर गेट उघडत नाही. थोडक्यात, दोनेक किलोमीटरचा फेरा मारण्यासाठी तुम्ही हजार किलोमीटरहून लांब जाणार. तेही अशा गावातून, जिथे केकी मूस यांनी कित्येक दशकं बंगल्याबाहेर जवळपास पाऊल न टाकता जगात नाव होईल अशी छायाचित्रं काढली. असो.

घरी सांगण्यापासून सुरुवात करा. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, नेमून दिलेल्या वेळेत आपलीच गाडी ट्रॅकवर हवी तेवढी पळवायची आणि घरी यायचं. यावर आप्पा विचारतील, "बक्षीस किती?" बक्षीस नसतं. "मग फी कसली?" इथे शांत राहा. ट्रॅकवर समोरून ट्रॅक्टर येत नाही, म्हैस येत नाही आणि पोलीस थांबवत नाहीत. फी या तीन गोष्टींची आहे.

आणि "कन्नडचा घाट फुकट आहे की" असं सुचवणाऱ्या मित्राला या प्रकल्पातून लगेच काढा. कन्नडचा घाट म्हणजेच औट्रम घाट, आणि तो ट्रॅक नाही. ज्या औट्रमने 1825 मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली त्याचं नाव घाटाला आहे, म्हणून तिथे मोहीम काढायची असं काही नाही. 31 ऑगस्ट 2021 ला याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. तिथे वळणापलीकडे काय आहे हे वळल्यावरच कळतं, आणि ट्रॅक डेचा सगळा अर्थ त्याच्या उलट आहे.

आता सीट. कंपनीची सीट वळणावर तुम्हाला धरून ठेवत नाही. तुम्ही दाराकडे घसरता, गुडघा दारावर रोवता आणि उरलेला भार स्टिअरिंगला लटकून पेलता. ज्या हातांनी गाडी वळवायची ते हात तुम्हालाच सावरण्यात गुंततात. बकेट सीट कमरेला, मांड्यांना आणि बरगड्यांना दोन्ही बाजूंनी धरते, हात मोकळे होतात. तिचं काम एवढंच. गाडी तिच्यामुळे पळत नाही, हे शेजारच्या नानांना आधीच सांगून टाका.

खरेदीच्या वेळी सावध असा. पाठ मागेपुढे होणारी, लाल शिलाईची आणि खांद्याजवळ दोन भोकं असलेली सीटसुद्धा याच नावाने विकली जाते. त्या भोकात बोट घालून पाहा. पलीकडे स्पंज लागला तर ती शोभेची वस्तू आहे, पट्टा तिच्यातून जाणार कुठून? खरी बकेट सीट म्हणजे फायबरचा किंवा पाइपचा एकसंध सांगाडा. तिची पाठ हलत नाही. तिच्यावर एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं लेबल असतं. 8855-1999 असं लिहिलं असेल तर आयुष्य बनवल्यापासून 5 वर्षं, 8862-2009 असेल तर 10. "लेबल निघून गेलं, पण माल ओरिजनल" हे वाक्य ऐकू आलं की चहा पिऊन परत या.

माप घ्यायचं ते कमरेचं, आणि ते भरिताच्या हंगामात घ्यायचं. सप्टेंबरात बेताने बसणारी सीट जानेवारीपर्यंत, चार भरीत-पार्ट्या झाल्यावर, तुम्हाला आत घेत नाही. ऑनलाइन मागवू नका. बसून पाहा, निदान दहा मिनिटं. खांद्याच्या पट्ट्याची भोकं खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वर यायला हवीत. खाली आली तर ती सीट तुमच्यासाठी नाही, ती तुमच्या पुतण्यासाठी आहे.

जुनी सीट काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि काही मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचं सॉकेट दिसेल. हा पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगचा. इग्निशन चालू ठेवून ते उपटणारे मेस्त्री आहेत, आणि त्यानंतर डॅशबोर्डवर कायमचा लागलेला लाल दिवा "सेन्सर खराब आहे" म्हणून खपवणारेही आहेत. कंपनीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर ती सीटबरोबर गेली, हे हिशोबात धरा. मूळ पट्ट्याचं बक्कल बऱ्याच गाड्यांत सीटलाच लावलेलं असतं. ते सांभाळून काढा आणि नव्या सीटच्या बाजूला नीट बसवून घ्या. त्याची गरज पुढे लागणार आहे.

इथून खरी गंमत सुरू होते, कारण इथून फॅब्रिकेटर येतो. आपल्याकडचा फॅब्रिकेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो आणि फार आत्मविश्वासाने करतो. सीट पाहून पहिल्यांदा म्हणेल, "हाई काय शे रे भो?" मग लगेच, "अँगल टाकून चार टाके मारून देतो, बापजन्मी हलणार नाही. ट्रॉलीत पाच टन ऊस जातो, तुमचं वजन किती?"

तुमचं वजन 70 किलो. मुद्दा बरोबर आहे, हिशोब चुकला आहे. गाडी भिंतीवर आदळली आणि शरीराला 20 जीचा झटका बसला, तर त्या क्षणी 70 किलोचा माणूस पट्ट्यांना 1400 किलोच्या जोराने ओढतो. चौदा क्विंटल कापूस एकदम, तोही लटकवायचा कशाला, तर गाडीच्या तळाच्या पत्र्याला. हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यात नुसतं भोक पाडून बोल्ट आणि वायसर लावलात, तर बोल्ट शाबूत राहतो, वायसरही राहतो, आणि दोघं मिळून पत्र्यातून कागदासारखे बाहेर येतात.

म्हणून पत्र्याखालून प्लेट. एफआयएच्या नियमांत पट्ट्याच्या प्रत्येक जागेला किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 40 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची लोखंडी प्लेट सांगितली आहे. सीटला किमान चार ठिकाणी पकड, बोल्ट 8 मिलिमीटरहून बारीक नको, आधाराच्या पट्ट्या लोखंडी असल्या तर किमान 3 मिलिमीटर जाड. बोल्टचं डोकं पुसून पाहा: त्यावर 8.8 कोरलेलं असावं. काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट गेटच्या बिजागरीला वापरा. आणि कंपनीने पट्ट्यांसाठी दिलेल्या भोकांचे आटे बऱ्याच गाड्यांत 7/16 इंची यूएनएफचे असतात. त्यात 12 एमएमचा बोल्ट पान्याला पाइप लावून कोंबणारा मेस्त्री "बसला बघा" म्हणेल. बसला खरा, पण आटे संपले.

सीट पक्की करण्याआधी हेल्मेट घालून बसा. हेल्मेट आणि छत यांच्यामध्ये मूठ जायला हवी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा. खांदे पाठीला टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. हे सगळं जमेपर्यंत चार वेळा सीट काढावी-लावावी लागते. पाचव्यांदा मेस्त्री फोन उचलत नाही.

आता पट्टे, आणि इथे लक्ष द्या, कारण जास्तीत जास्त चुका इथेच होतात. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला बांधून टाकणं ही सर्वात सोपी आणि सर्वात वाईट युक्ती. ते बोल्ट खाली जमिनीलगत असतात. म्हणजे पट्टा खांद्यावरून तीव्र उतारावर खाली जातो, आणि आदळल्यावर तो तुम्हाला मागे धरत नाही, खाली दाबतो. दाबला जातो तो पाठीचा कणा. सीटच्या पाठीवरून पट्टा जवळजवळ आडवा मागे जावा, आडव्या रेषेखाली 10 अंशांपर्यंत असला तर उत्तम, 45 च्या पुढे कधीच नको. कोन मोजायला मोबाइल चालतो, पोराच्या कंपासपेटीतला कोनमापकही चालतो. पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी 1207 मध्ये त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद आहे. त्या पाटणाच्या तालुक्यात राहून पट्ट्याचा कोन "अंदाजे" ठरवणं शोभत नाही.

हा कोन मिळवायला खांद्याच्या उंचीला मागे आडवा दांडा लागतो, आणि तो दांडा नीट असायचा तर तो रोलकेजचाच, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्याचाच, भाग असावा. कारण ऐका. कंपनीचा तीन टोकांचा पट्टा, व्होल्वोच्या नील्स बोहलिनने 1959 मध्ये आणलेला, तुमचं धड थोडं हलू देतो. गाडी उलटून छत खाली आलं तर तुम्ही बाजूला झुकू शकता. बकेट सीट आणि रेसचे पट्टे तुम्हाला ताठ बसवतात, आणि खाली येणाऱ्या छताखाली ताठ बसायचं नसतं. म्हणून केज. पण केज आला की हेल्मेट आलं, कारण डोक्याशेजारी लोखंडी पाइप घेऊन उघड्या डोक्याने बाजारात जाणं ही वेगळीच जोखीम आहे. धड इतकं घट्ट बांधलं की झटका सगळा मानेवर जातो, म्हणून हॅन्स नावाचं मानेचं उपकरण आलं. एका वस्तूमागे दुसरी येते. लग्नाच्या याद्या आठवतात? तसं नाही, त्यात काही गोष्टी गाळता येतात.

चार टोकांचे पट्टे स्वस्त असतात आणि फोटोत छान दिसतात. त्यांची खोड अशी की खांद्याचे पट्टे ताणले गेले की ते कमरेचा पट्टा पोटावर ओढून घेतात, आणि शरीर त्याखालून पुढे सरकतं. मग भार हाडांवर येत नाही, आतड्यांवर आणि यकृतावर येतो. पाचवा आणि सहावा पट्टा मांड्यांमधून जातो तो हे थांबवायला. तो नको वाटतो, दिसायला विचित्र वाटतो, तरी सहाचेच घ्या. पट्ट्यावर 8853-2016 चं लेबल आणि मुदतीचं वर्ष वाचा. टकाटा कंपनीच्या हिरव्या पट्ट्यांच्या नकला जगभर विकल्या जातात. निम्म्या किमतीत मिळतो तो पट्टा नव्हे, हिरवी नवार असते.

बांधण्याचा क्रम: आधी कमरेचा, कमरेच्या हाडांवर, खाली आणि घट्ट. मग मांड्यांमधले. शेवटी खांद्याचे. एक फेरी मारल्यावर पुन्हा आवळा, कारण सैल होतातच. मग डोळे मिटून बक्कल फिरवून सुटायचा आणि बाहेर पडायचा सराव करा, घराच्या अंगणात, आजूबाजूला कोणी नसताना. कोणी असेलच. आई सीटच्या उंच कडांकडे बघून "आते यामा बठानं कसं?" असं विचारेल, आणि तुमच्याजवळ उत्तर नसेल. आई-आप्पांना त्या गाडीने दवाखान्यात नेता येत नाही, हा या छंदाचा खर्च कुठल्याच बिलात येत नाही.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर, कलम 182-अ खाली, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागची सीट काढून केज टाकलात तर आरसीवर आसनं पाच आणि गाडीत दोन. विम्याची पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" वाचा: शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. मेहुणबारेच्या पुढे गाडी अडवली तर "ट्रॅकला चाललोय" हे उत्तर खरं असलं तरी उपयोगाचं नाही. रस्त्यावर कंपनीचाच पट्टा लावा. मघाशी बक्कल सांभाळायला सांगितलं ते यासाठी.

आमचं मत विचाराल तर पहिल्या ट्रॅक डेला यातलं काही लागत नाही. कंपनीची सीट, कंपनीचा पट्टा, चांगलं हेल्मेट, नवं ब्रेक ऑइल, नवे ब्रेक पॅड आणि बरे टायर एवढं पुरतं. दोन-चार वेळा जाऊन आल्यावरही घसरणं खुपत असेल, तर सीट, सहाचे पट्टे, केज आणि हॅन्स हे सगळं एकदम करा, आणि ती गाडी त्याच कामाला ठेवा. निम्मं करून रस्त्यावर चालवायचं असेल तर करूच नका. आणि काढलेली सीट भंगारात देऊ नका. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी तीच मागेल.